संधिवात, वारसा आणि संभव



आजच्या व्याख्यानाचा विषय वैद्यकातला असला तरी वक्ता वैद्य नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. माझे शिक्षण मराठी साहित्याचे आणि व्यवसाय भाषांतराचा. विज्ञानविषयक ग्रंथ मराठीत आणताना ज्या शब्दांपाशी लेखणी वारंवार अडते, त्यांपैकी 'आनुवंशिक' हा एक शब्द होय. शब्द दिसायला साधा. परंतु शास्त्रज्ञ तो उच्चारतो तेव्हा त्याच्या मनात एक अर्थ असतो आणि घरातील वडीलधारी मंडळी तो ऐकतात तेव्हा त्यांच्या मनात दुसराच अर्थ उमटतो. या दोन अर्थांमधील अंतरामुळे कित्येक घरांत विनाकारण दुःख निर्माण होते. संधिवाताच्या एका विशिष्ट प्रकाराच्या आधारे ते अंतर समजून घ्यावे, एवढाच आजचा हेतू आहे.

या विचारासाठी काशीइतके योग्य स्थान क्वचितच सापडेल. काशिराज दिवोदास धन्वंतरी याने सुश्रुताला वैद्यकाचा उपदेश केला, अशी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्याधींचे सात वर्ग केलेले आहेत आणि त्यांतील पहिला वर्ग 'आदिबलप्रवृत्त' असा आहे. मातेच्या किंवा पित्याच्या बीजातील दोषामुळे जे रोग उद्भवतात, ते या वर्गातले. त्याची उदाहरणे म्हणून कुष्ठ आणि अर्श यांचा उल्लेख येतो. रोगाचे मूळ जन्माच्याही मागे असू शकते, हा विचार इतका जुना आहे. मात्र या विचाराची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. 'कुष्ठ' या एका नावाखाली त्या काळी त्वचेचे अनेक विकार गणले जात असत. पुढे १८७३ मध्ये नॉर्वेमधील हान्सेन याने कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला आणि तो रोग जंतुजन्य असल्याचे स्पष्ट झाले. तरीही 'हे त्यांच्या रक्तातच आहे' हा शिक्का अनेक कुटुंबांवरून पुढे कित्येक पिढ्या पुसला गेला नाही. विद्वानांनी केलेले वर्गीकरण समाजाच्या तोंडी जाता जाता कलंक कसे बनते, याचे हे बोलके उदाहरण होय.

आता आपल्या मुख्य विषयाकडे वळू. सांधे दुखू लागले की आपण सरसकट 'संधिवात' म्हणतो. वस्तुतः या एका शब्दात अनेक रोग दडलेले आहेत. उतारवयात गुडघे झिजतात, तो एक प्रकार. आज आपण ज्याचा विचार करणार आहोत तो प्रकार निराळा. १८५९ मध्ये आल्फ्रेड गॅरॉड या इंग्रज वैद्याने त्याला 'ऱ्हूमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव दिले. मराठीत त्यासाठी 'संधिवाताभ संधिशोथ' असा पारिभाषिक शब्द रूढ करण्यात आला आहे. माधवनिदान या प्राचीन ग्रंथात वर्णिलेला 'आमवात' पुष्कळ अंशी याच्याशी मिळताजुळता आहे. या रोगात सांध्याची झीज हे मूळ कारण नसते. शरीराचे रक्षण करण्यासाठी असलेली प्रतिकारयंत्रणा येथे स्वकीय आणि परकीय यांतील विवेक हरवून बसते आणि सांध्यांच्या आतील पातळ अस्तरावर हल्ला चढवते. ते अस्तर सुजते, जाड होते आणि काही काळाने शेजारची कूर्चा व हाड कुरतडू लागते. बोटांचे, मनगटांचे, पावलांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सारखेच सुजतात. सकाळी उठल्यावर हात तासभर किंवा त्याहूनही अधिक वेळ आखडलेले राहतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा रोग दुप्पट-तिप्पट आढळतो आणि बहुधा तीस ते साठ या ऐन कर्तेपणाच्या वयात सुरू होतो.

हा रोग हातांवर घाला घालतो, याचा अर्थ या नगरीत वेगळ्याने सांगण्याची आवश्यकता नाही. मदनपुऱ्यातील आणि अलईपुऱ्यातील विणकर रेशमाचा धागा बोटांच्या अग्रांनीच ओळखतो. लाकडी खेळणी रंगवणाऱ्यांचे कसबही बोटांतच असते. बोटे वाकडी झाली की अशा घरातील चूल मंदावते. म्हणून या रोगाविषयी योग्य ज्ञान योग्य वेळी पोचणे, हा नुसत्या कुतूहलाचा विषय नव्हे.

आणि तरीही या रोगाचे निदान झाले की घरात पहिला प्रश्न उपचाराचा निघत नाही. आईला हा रोग आहे, तर मुलीलाही होणार काय, हा प्रश्न आधी निघतो. मुलगी उपवर असेल तर तो दबक्या आवाजात निघतो. काही ठिकाणी तर हा प्रश्न निघू नये म्हणून आईचे दुखणेच झाकून ठेवले जाते आणि उपचारांचे मोलाचे महिने वाया जातात. विज्ञान या प्रश्नाचे जे उत्तर देते, ते आता क्रमाने पाहू.

मानवी शरीराच्या प्रत्येक पेशीत जो आनुवंशिक मजकूर साठवलेला असतो, तो सुमारे तीन अब्ज अक्षरांचा आहे. ही अक्षरे चारच प्रकारची. त्यांच्या क्रमात सारा अर्थ सामावलेला. कोणत्याही दोन माणसांचे मजकूर ताडून पाहिले तर दर हजार अक्षरांमागे साधारण एका अक्षराचा फरक आढळतो. या फरकांना 'आनुवंशिक भेद' म्हणतात. मराठी वाचकाला हा प्रकार समजण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ज्या एकनाथांनी शके १४९५ मध्ये, म्हणजे इ.स. १५७३ मध्ये, याच वाराणसीत आपला भागवतावरील ग्रंथ पूर्ण केला, त्यांनीच पुढे ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रतींतील पाठभेद तपासून शुद्ध प्रत सिद्ध केली. नकला होत होत हस्तलिखितांत पाठभेद शिरतात, तसेच पिढ्यान्‌पिढ्या नकला होत आलेल्या आपल्या आनुवंशिक मजकुरातही शिरलेले आहेत. त्यांतील बहुतेकांनी अर्थात काहीच फरक पडत नाही. काहींनी एखाद्या ओवीचा रोख किंचित बदलतो. एका अक्षराने संपूर्ण अर्थ उलटावा, असे पाठभेद अगदी थोडे.

दृष्टान्ताची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. हस्तलिखिताच्या बाबतीत एक पाठ मूळचा आणि बाकीचे अशुद्ध असे आपण मानतो. माणसाच्या बाबतीत तसा 'मूळ शुद्ध पाठ' कोणापाशीही नाही. आपण सारेच पाठभेदांचे बनलेले आहोत. एखादा भेद एका रोगाची शक्यता वाढवतो आणि दुसऱ्या संकटात तोच उपकारक ठरू शकतो.

संधिवाताभ संधिशोथाशी ज्या भेदांचा सर्वाधिक संबंध आहे, ते सहाव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर एकवटलेले आहेत. या शोधाची कथा उद्बोधक आहे. फ्रान्समधील जाँ दोसे याने १९५८ मध्ये पांढऱ्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावरील एका विशेष प्रथिनाचा शोध लावला. अशा प्रथिनांच्या समूहाला पुढे 'एचएलए' असे नाव मिळाले आणि १९८० मध्ये या क्षेत्रातील कार्याबद्दल दोसे याला इतर दोघांसह नोबेल पारितोषिक देण्यात आले. ही प्रथिने पहाऱ्यावरील शिपायासारखे काम करतात. पेशीत सापडलेले प्रथिनांचे बारीक तुकडे ती आपल्या खोबणीत धरून प्रतिकारयंत्रणेपुढे सादर करतात. हा तुकडा आपला की परका, याचा निवाडा ती यंत्रणा करते. या खोबणीचा आकार माणसागणिक निराळा असतो. त्यामुळे कोणता तुकडा कोणाच्या खोबणीत घट्ट बसेल, हेही माणसागणिक बदलते.

१९७८ मध्ये अमेरिकेतील पीटर स्टॅस्टनी याने दाखवून दिले की, या रोगाच्या रुग्णांमध्ये 'डीआर ४' नावाचा एचएलए प्रकार इतरांपेक्षा बऱ्याच अधिक प्रमाणात आढळतो. कोडे सुटले असे वाटत असतानाच एक नवी अडचण उभी राहिली, आणि ती आपल्याच लोकांनी उभी केली. १९८१ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी भारतीय वंशाच्या रुग्णांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्यात डीआर ४ चा हा संबंध दिसेना. तेथे 'डीआर १' हा प्रकार पुढे आला. रोग एकच, मग दोन समाजांत आनुवंशिक खूण वेगवेगळी कशी?

या प्रश्नाची उकल १९८७ मध्ये ग्रेगरसन, सिल्व्हर आणि विंचेस्टर या तिघांनी केली. त्यांनी नावांकडे न पाहता त्या प्रथिनांच्या घडणीकडे पाहिले. डीआर ४ चे काही उपप्रकार, डीआर १ आणि आणखी काही प्रकार यांची नावे भिन्न असली, तरी खोबणीच्या काठावरील ७० ते ७४ या पाच स्थानांवर त्यांतील ॲमिनो अम्लांची रचना जवळजवळ सारखीच होती. जणू वेगवेगळ्या शीर्षकांच्या पोथ्यांत एकच ओळ आढळावी! या समान ओळीला त्यांनी 'सामाईक खूण' या अर्थाचे नाव दिले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीय रुग्णांमध्ये डीआर ४ चा एक विशिष्ट उपप्रकार आणि 'डीआर १०' हा प्रकार अधिक असल्याचे आढळले. हे दोन्हीही तीच सामाईक खूण धारण करणारे आहेत. पुढे २०१२ मध्ये सौम्य रायचौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक सूक्ष्म पृथक्करण करून ११, ७१ आणि ७४ ही स्थाने विशेष महत्त्वाची असल्याचे दाखवले.

सहाव्या गुणसूत्राबाहेरही या रोगाशी निगडित असे अनेक भेद सापडले आहेत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात एक लाखाहून अधिक व्यक्तींचे नमुने तपासून अशा १०१ जागांची नोंद करण्यात आली. यांपैकी बहुतेक जागांचा परिणाम फार थोडा. एकेकटीने रोगाची शक्यता किंचितच वाढावी, इतकाच. युरोपीय वंशाच्या लोकांत 'पीटीपीएन २२' या जनुकातील एक भेद एचएलएच्या खालोखाल महत्त्वाचा ठरला. परंतु पूर्व आशियात तो जवळजवळ आढळतच नाही आणि भारतीयांतही विरळा आहे. उलट दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापिका बी. के. थेल्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतीय रुग्णांच्या संपूर्ण आनुवंशिक मजकुराचा धांडोळा घेऊन २०१३ मध्ये 'एआरएल १५' या जनुकाचा संबंध उजेडात आणला. युरोपीयांच्या अभ्यासांत तो पुढे आलेला नव्हता. यावरून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. दुसऱ्या समाजाच्या तपासणीवरून तयार केलेला धोक्याचा तक्ता आपल्या समाजाला जसाच्या तसा लागू करता येत नाही. लंडनमध्ये बेतलेला अंगरखा वाराणसीत प्रत्येकाच्या अंगाला बसेलच असे नाही.

आपल्या समाजांची आनुवंशिक घडण निराळी का, याचाही अभ्यास झालेला आहे आणि त्यातील एका अग्रणी शास्त्रज्ञाचा या नगरीशी दृढ संबंध होता. शेजारच्या जौनपूर जिल्ह्यात जन्मलेले लालजी सिंग यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात गुणसूत्रांवर संशोधन करून १९७१ मध्ये पीएच. डी. मिळवली. पुढे हैदराबाद येथील पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे ते संचालक झाले आणि २०११ ते २०१४ या काळात याच विश्वविद्यालयाचे कुलगुरू होते. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. कुमारसामी थंगराज, डेव्हिड राइश आदी सहकाऱ्यांसह त्यांनी २००९ मध्ये भारतातील २५ समाजगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक भारतीय समाज दोन प्राचीन वंशधारांच्या कमीअधिक मिश्रणातून बनलेले आहेत, हा त्याचा एक निष्कर्ष. मोजक्या पूर्वजांपासून वाढलेल्या आणि आपापसांतच विवाह करीत आलेल्या अनेक गटांमध्ये काही दुर्मिळ भेद एकवटले आहेत, हा दुसरा. २०१७ मध्ये याच दिशेने अधिक व्यापक पाहणी झाली. तीत २६० हून अधिक गट तपासण्यात आले आणि त्यांतील ८१ गटांत हा परिणाम तीव्र असल्याचे दिसून आले.

या निष्कर्षाचा विपर्यास होण्याचा संभव असल्याने येथे क्षणभर थांबले पाहिजे. काही रोग एकाच जनुकातील दोषामुळे होतात. आई आणि वडील या दोघांकडूनही तो सदोष जनुक आला तरच अपत्य आजारी पडते, असे त्यांतील अनेकांचे स्वरूप असते. गटांतर्गत विवाहांमुळे अशा रोगांचे प्रमाण वाढू शकते आणि तेथे विवाहपूर्व तपासणीला निश्चित अर्थ आहे. महाराष्ट्राच्या काही भागांत आढळणारा सिकलसेल हा रक्तविकार या जातीचा. संधिवाताभ संधिशोथ मात्र या जातीचा रोग नव्हे. त्याच्यामागे शंभराहून अधिक लहान लहान भेद आणि त्यांच्या जोडीला परिस्थिती, असा पुष्कळांचा हातभार असतो. 'आनुवंशिक' हा एकच शब्द आपण दोन्हींसाठी वापरतो आणि घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

हा घोटाळा दूर करण्यासाठी जुळ्या भावंडांसारखा साक्षीदार नाही. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांचा आनुवंशिक मजकूर जवळजवळ तंतोतंत सारखा असतो. हा रोग केवळ त्या मजकुरात लिहिलेला असता, तर एकाला झाला की दुसऱ्यालाही तो झालाच असता. प्रत्यक्षात काय आढळते? ब्रिटनमधील जुळ्यांचा जो अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एका जुळ्या भावंडाला रोग असताना दुसऱ्यालाही तो असल्याचे प्रमाण शंभरात सुमारे १५ होते. दोन स्वतंत्र बीजांपासून झालेल्या जुळ्यांत, म्हणजे ज्यांच्यात सख्ख्या भावंडांइतकेच साम्य असते त्यांच्यात, हे प्रमाण शंभरात चारांहूनही कमी होते.

या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. सर्वसाधारण समाजातील प्रमाणाशी तुलना करता १५ हा आकडा मोठा आहे. म्हणून वारशाचा वाटा नाकारता येत नाही. परंतु त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी की, जवळजवळ तंतोतंत तोच वारसा घेऊन जन्मलेल्या शंभरांपैकी ८५ जण या रोगापासून मुक्त राहिले. मग ज्या कन्येने आईचा अर्धाच वारसा घेतला आहे, तिच्याविषयी आधीच निकाल देण्याचा अधिकार कोणाला पोचतो?

ग्रंथांतून आणखी एक आकडा पुढे येतो आणि तोही समजून घेणे अगत्याचे आहे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जुळ्यांच्या एका विश्लेषणात या रोगातील आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ६० टक्के असल्याचे अनुमान काढले गेले. रुग्णाच्या शंभर अपत्यांपैकी साठांना रोग होईल, असा याचा अर्थ मुळीच नाही. एखाद्या समाजात काही जणांना रोग होतो आणि काहींना होत नाही. हा जो माणसामाणसांतील फरक, त्यातील किती भाग आनुवंशिक भेदांकडे बोट दाखवतो, एवढेच तो आकडा सांगतो. तो समाजाविषयी बोलतो, व्यक्तीविषयी नव्हे.

समाजातील प्रमाण किती, हेही पाहू. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघर जाऊन पाहणी आरंभली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आखलेल्या एका आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाचा ती भाग होती. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या त्या पाहणीत या रोगाचे प्रमाण हजारी सुमारे पाच आढळले. त्यापूर्वी, १९९३ मध्ये, डॉ. ए. एन. मालवीय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीजवळच्या ग्रामीण भागाची पाहणी प्रसिद्ध केली होती. तीत ते हजारी सुमारे साडेसात होते. म्हणजे रोग दुर्मिळ नाही, पण दुखणारा प्रत्येक सांधा याच रोगाचा नाही. भिगवणमध्येही अंगदुखी-सांधेदुखीच्या इतर तक्रारी कितीतरी अधिक होत्या.

वारसा सारखा असूनही एकाला रोग होतो आणि दुसऱ्याला होत नाही, तर उरलेला वाटा कोणाचा? येथे परिस्थितीचा प्रवेश होतो. तिच्यातील सर्वांत सिद्ध झालेला घटक म्हणजे धूम्रपान. शरीरातील प्रथिनांत आर्जिनीन नावाचे एक ॲमिनो अम्ल असते. एका विकराच्या क्रियेने त्याचे रूपांतर सिट्रुलीनमध्ये होते. हे नाव कलिंगडाच्या लॅटिन नावावरून पडले आहे, कारण हा पदार्थ प्रथम त्या फळात सापडला. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसांत हे रूपांतर वाढते. असे बदललेले तुकडे ज्यांच्या एचएलए खोबणीवर ती सामाईक खूण आहे त्यांच्या खोबणीत चांगले बसतात आणि प्रतिकारयंत्रणेला ते परके वाटू लागतात. मग त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ही प्रतिपिंडे रोगाची लक्षणे दिसण्यापूर्वी कित्येक वर्षे रक्तात असू शकतात. स्वीडनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, आई आणि वडील या दोघांकडूनही ती खूण मिळालेल्या आणि शिवाय धूम्रपान करणाऱ्या व्यक्तींत प्रतिपिंडयुक्त रोगाचा धोका, यांपैकी काहीही नसलेल्यांच्या तुलनेत, सुमारे २१ पट होता. दारू आणि ठिणगी वेगवेगळी असताना जे घडत नाही, ते एकत्र येताच घडावे, तसा हा प्रकार होय.

दगडाच्या बारीक धुळीतील सिलिका हा दुसरा घटक. वेल्समधील कोळसा खाणकामगारांत फुप्फुसांचा विकार आणि हा संधिवात एकत्र आढळतात, हे कॅप्लन याने १९५३ मध्येच नोंदवले होते. पुढे इतर देशांतील अभ्यासांनीही सिलिकेच्या धुळीचा संबंध दाखवला. येथून जवळच चुनारचा वालुकाश्म आहे आणि त्यावर छिन्नी चालवणारे हातही आहेत. आपल्या पूर्वजांनी दिलेले जनुक त्या कारागिराला बदलता येणार नाहीत. तोंडावर नीट बसणारी धूळगाळणी आणि दगड ओला करून कापण्याची सोय मात्र त्याला देता येते. बिडी सोडणे हेही माणसाच्या हातातले आहे. वारशाचे ज्ञान आपल्याला हतबल करण्यासाठी नसून, आपल्या हाती काय आहे तिकडे लक्ष वेधण्यासाठी आहे.

या विवेचनातून व्यवहारासाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली अशी की, या रोगासाठी जनुकांची चाचणी करून विवाह जुळवणे वा मोडणे, याला शास्त्राचा कोणताही आधार नाही. २०१० मध्ये ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय निदाननिकषांतही जनुकचाचणीला स्थान दिलेले नाही. सुजलेले सांधे, रक्तातील प्रतिपिंडे, दाहाच्या खुणा आणि दुखण्याचा कालावधी यांवरूनच निदान होते. सामाईक खूण धारण करणारे बहुसंख्य लोक आयुष्यभर निरोगी राहतात.

दुसरी गोष्ट वेळेविषयीची. ज्यांच्या घरात हा रोग आहे, त्यांनी भीती न बाळगता लक्षणे मात्र ओळखून ठेवावीत. हातांचे लहान सांधे सुजणे, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या-एक तासाहून अधिक टिकणे आणि हे सहा आठवडे चालू राहणे, एवढे दिसले की संधिरोगतज्ज्ञाकडे जावे. सुरुवातीच्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांध्यांची हानी पुष्कळ अंशी टाळता येते. आईचे दुखणे झाकणाऱ्या घराला मुलीच्या दुखण्याची चाहूलही वेळेवर लागत नाही. झाकण्यामुळे वारसा बदलत नाही. केवळ उपचाराची घटका निघून जाते.

तिसरी गोष्ट औषधाविषयीची आणि ती आपल्या देशाच्या एका सुपुत्राशी निगडित आहे. या रोगावर आज जगभर प्रथम दिले जाणारे औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील गटाने ते तयार केले, ते कर्करोगासाठी. १९४८ मध्ये सुब्बाराव निवर्तले. पुढे अल्प मात्रेत ते या संधिवातावर गुणकारी असल्याचे दिसून आले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्यासाठी त्याला मान्यता मिळाली. आंध्रातील गरीब घरातला हा मुलगा, यात्रेकरूंना केळी विकून पैसे मिळवावेत म्हणून, वयाच्या तेराव्या वर्षी काशीला यायला घरातून पळाला होता आणि आईने त्याला परत आणून शाळेत बसवले, असे त्याच्या चरित्रात सांगितले जाते. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. गर्भारपणात ते वर्ज्य आहे. म्हणून ते तज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि वेळोवेळी रक्ततपासणी करूनच घेतले पाहिजे. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून घेण्याचे हे औषध नव्हे.

आता पुन्हा शब्दाकडे येतो, कारण माझा अधिकार तेवढाच. मूळ ग्रंथात जेथे 'या भेदामुळे धोका वाढतो' असे असते, तेथे मराठीत 'हा रोग वंशात उतरतो' असे लिहिले की वाक्य सुबक होते, पण सत्य हरवते. पहिले वाक्य संभवाविषयी बोलते, दुसरे विधिलिखिताविषयी. अशा ठिकाणी 'प्रवणता' हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. उताराची जमीन ही पाण्याला वाट देते. पण पाऊस पडलाच पाहिजे असा तिचा आग्रह नसतो, आणि बांध घालणाऱ्याला ती अडवतही नाही. वैद्यांनी रुग्णाशी बोलताना, शिक्षकांनी वर्गात शिकवताना आणि आपण सर्वांनी घरात, विशेषतः मुलींच्या समोर बोलताना, हा भेद पाळावा. सुश्रुताने व्याधींचे सात वर्ग सांगितले, ते वैद्याला उपचाराची दिशा कळावी म्हणून. कोणाच्या दारावर खूण करून ठेवण्यासाठी नव्हे. नवे आनुवंशिक ज्ञानही त्याच बुद्धीने स्वीकारले, तर ते आपल्या घरांत भय न आणता सावधपणा आणील, असा मला विश्वास वाटतो.